देवीच्या अंगणातल्या ‘अस्वली’

प्रश्न : कानबाईला निरोप देताना आमची अख्खी गल्ली नाचते, जुन्या ग्रीसमधेपण देवीपुढे नाचायचे का हो? (एक ताई, अमळनेर)

उत्तर : नाचायचे की ताई! अथेन्सच्या पूर्वेला ब्राउरॉनला आर्टेमिस या शिकारीच्या ग्रीक देवीचं देऊळ होतं, तिथे ५ ते १० वर्षांच्या पोरी देवीच्या सेवेला जायच्या आणि त्यांना चक्क ‘अस्वली’ म्हणायचे, कारण कथा अशी की देवीचं अस्वल कोणीतरी मारलं, देवी कोपली, साथ आली, मग भरपाई म्हणून पोरींनीच अस्वल बनायचं. केशरी झगा घालून नाचायच्या, पळायच्या. तिथे सापडलेल्या बारक्या मातीच्या भांड्यांवर वेदीजवळ पळणाऱ्या पोरी रंगवल्यात, भारी आहेत! आणि आपण ओटी भरतो ना, तशा तिथल्या बायका देवीला कपडे वाहायच्या.