बाहेरची रेघ जपून ओढ

प्रिय मित्रा,

आयव्हसच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत कॅथेटरची बारीक नळी घालून अल्ट्रासाऊंडने घेतलेल्या चित्रांवर, वाहिनीच्या कडा ओढणारं तुझं मॉडेल नीट चालायला लागलं आणि डाइस (मॉडेलने आणि तज्ज्ञाने आखलेला भाग किती जुळतो याचं माप, 1 म्हणजे पूर्ण जुळणी) 0.95 च्या पुढे गेला, हे वाचून आनंद झाला. पण त्या आकड्यावर पेपर लिहायला बसण्याआधी वहीत एक हिशेब मांड.

समज, एका फ्रेममध्ये बाहेरच्या रेघेच्या, म्हणजे मीडिया या भिंतीतल्या स्नायूंच्या थराच्या बाहेरच्या कडेच्या, आतलं क्षेत्रफळ 16 चौरस मिमी आहे आणि रक्त वाहतं त्या पोकळीचं, ल्युमेनचं, 8. म्हणजे मधल्या प्लाकचा, भिंतीत साठलेल्या चरबीयुक्त थराचा, भार 50 टक्के. आता मॉडेलने बाहेरची रेघ सगळीकडून फक्त 0.1 मिमी बाहेर ओढली. क्षेत्रफळ होतं साधारण 17.45 आणि भार जातो 54 टक्क्यांवर. याच रेघेचा डाइस काढ: जवळपास 0.96 येतो! 0.1 मिमी म्हणजे 40 मेगाहर्ट्झच्या कॅथेटरला जेमतेम ओळखता येईल एवढं अंतर.

मग हे चार टक्के मोठे की लहान? 2006 च्या ॲस्टेरॉइड चाचणीत रुग्णांना दोन वर्षं रोझुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधाचा 40 मिलिग्रॅमचा डोस दिला होता. तेव्हा प्लाकच्या आकारमानाची टक्केवारी जेवढी उतरली, त्या घटीचा मध्यक होता 0.79. पुढे 2016 मध्ये ग्लागॉव्ह चाचणीत, स्टॅटिनच्या जोडीला इव्होलोक्युमॅब हे कोलेस्टेरॉल उतरवणारं दुसरं औषध दिल्यावर, सरासरी घट 0.95. ज्या बदलावर औषधाचा निकाल ठरतो तो एका टक्क्याच्या आसपासचा आहे. तुझी रेघ त्याहून जास्त सरकत असेल, तर आपण औषध मोजत नसून रेघ मोजतोय.

तू म्हणशील, सरासरीत चुका मिटतात. कधी आत, कधी बाहेर अशा चुका मिटतात. एकाच बाजूला जाणाऱ्या मिटत नाहीत. औषधाआधी आणि नंतर, दोन्ही वेळी सारखीच चूक झाली तर वजाबाकीत निघून जाईल, हेही बऱ्याच अंशी खरं. अडचण कॅल्शियमची आहे. स्टॅटिनवर प्लाकमधलं कॅल्शियम वाढतं. म्हणजे नंतरच्या तपासणीत, ध्वनिलहरी अडवणाऱ्या कॅल्शियममागची सावली जास्त, आणि चूक पहिल्यासारखी राहत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

ती सावली एकदा शांतपणे बघ. चित्र गोल करण्याआधी, कोन आणि खोली अशा सरळ मांडणीतच बघ. कॅल्शियमची कड झगझगीत पांढरी दिसते आणि तिच्यामागे सरळ काळा पट्टा पडतो. मीडिया तिथेही आहेच, पण तिचा प्रतिध्वनी परत आलेलाच नाही. मॉडेल मात्र त्या काळ्यातूनही सुबक, गुळगुळीत रेघ काढून देतं, आणि बघणाऱ्याला तीही मोजलेलीच वाटते. 2001 च्या अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीच्या सहमती दस्तऐवजात यावर स्पष्ट नियम आहे: सावली 90 अंशांपेक्षा कमी असेल तर आजूबाजूच्या दिसणाऱ्या कडेवरून रेघ जोडता येते, अचूकता घटते हे धरून, जास्त असेल तर बाहेरचं क्षेत्रफळ सांगायचंच नाही. तुझ्या प्रोग्रामलाही हे ‘सांगत नाही’ म्हणता आलं पाहिजे. माझ्या मते हा एवढा बदल नेटवर्कमध्ये आणखी चार थर घालण्यापेक्षा मोलाचा आहे.

फ्रेमची वाटणीही तपास. कॅथेटर सेकंदाला 0.5 मिमी मागे ओढला आणि सेकंदाला 30 फ्रेम घेतल्या, तर शेजारच्या दोन फ्रेममध्ये 0.02 मिमीसुद्धा अंतर नसतं. अशा फ्रेम पिसून काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवल्यास, तो पेपर आधीच फुटलेला असतो. वाटणी रुग्णावार कर. शिवाय ठोक्यागणिक कॅथेटर पुढेमागे सरकतो, म्हणून लांबीच्या छेदात करवतीसारखे दाते दिसतात. ईसीजीच्या एकाच टप्प्यावरच्या फ्रेम निवडल्यास ते बरेच कमी होतात.

निकाल मांडताना मॉडेल आणि तज्ज्ञ यांच्या आकड्यांमधल्या सहसंबंधावर थांबू नकोस. कायम चार टक्के जास्त सांगणाऱ्या मॉडेलचाही सहसंबंध उत्तम येतो. ब्लँड-आल्टमन आलेख (दोन मोजमापांमधला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा) काढ आणि शेजारी दोन तज्ज्ञांमधला आपसातला फरक ठेव, म्हणजे मॉडेलची चूक माणसांच्या मतभेदात बसते की त्याबाहेर जाते ते कळेल.

पुढच्या वेळी सरासरी पाठवू नकोस. प्रत्येक फ्रेममधल्या सावलीचा कोन एका अक्षावर आणि प्लाकच्या भारातली चूक, तिच्या अधिक-उण्या चिन्हासह, दुसऱ्यावर, असा आलेख पाठव. सोबत सगळ्यात वाईट वीस फ्रेमही दे, आपण दोघं एकत्र बसून बघू.

तुझा,
सर