शाळेत गणितात पहिली, ऑलिंपियाडमध्ये १४ मार्क... आता हे बंद करू का?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा प्रश्न घेऊन पालक येतातच. मुलगा किंवा मुलगी शाळेत कायम ९८, १००, स्कॉलरशिपमध्ये नंबर, आणि मग कुणीतरी सुचवतं म्हणून आयओक्यूएमला, म्हणजे गणित ऑलिंपियाडच्या आपल्याकडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला, बसवतात आणि घरात एकदम सुतक आल्यासारखं होतं. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

नववीतली मुलगी. आई एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे गणित म्हणजे घरचंच. पेपर ३० प्रश्नांचा, १०० मार्कांचा, पहिले दहा दोन-दोनचे, मग तीनचे, शेवटचे दहा पाच-पाचचे, तीन तास. हिला वाटलं होतं साठ तरी कुठे गेले नाहीत. उत्तरपत्रिका ताडून बघितली तर सहा बरोबर, १४ मार्क. त्यानंतर तिने वह्या कपाटात टाकल्या, जेवण निम्म्यावर आलं, आणि शाळेच्या चाचणीत येणारं गणितसुद्धा कोरं सोडून आली कारण "हातच चालेना". बाबांचं म्हणणं क्लास बदलू. आईचं म्हणणं हे सगळं बंदच करू, दहावी तोंडावर आलीय.

पहिल्या भेटीत मी तिला समजवायला गेले की अगं हे पेपर असेच काढतात, २०१७ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये जगभरातली निवडून आलेली ६१५ मुलं होती आणि तिसऱ्या प्रश्नाला पूर्ण सात मार्क फक्त दोघांना मिळाले. ती म्हणाली, "माहितीय मला मॅडम, पण त्यांना बाकीचे तरी आले असतील ना." बरोबरच होतं तिचं. अशा माहितीने मोठ्यांना धीर येतो, मुलांना नाही येत.

मग मी तिची रफ वही मागितली आणि खरी गोष्ट तिथे दिसली. वहीत रफ असं काही नव्हतंच, सगळं स्वच्छ, जे चुकलं ते खोडरबरने पुसलेलं, आणि खाली सुंदर अक्षरात क्लासमधलं सोल्यूशन उतरवलेलं. विचारलं, एका गणितावर किती वेळ बसतेस गं? "पाच-सात मिनिटं, नाही आलं तर उत्तर बघते." म्हणजे वर्षभरात तिने शेकडो गणितं वाचली होती, पण अडून कशावरच बसली नव्हती. तिचा दोष नाहीये हा. आठ वर्षं शाळेत तिला एकही गणित असं भेटलं नाही जे दोन मिनिटांत सुचलं नाही, त्यामुळे अडणं म्हणजे आपल्याला येत नाही, एवढाच अर्थ तिच्या डोक्यात बसलेला. शाळेत पायऱ्यांचे मार्क मिळून जातात, इथे ओएमआर, म्हणजे फक्त उत्तराचे गोल रंगवायचे, उत्तर चुकलं की सगळं गेलं, त्याने ती भीती अजूनच पक्की झाली.

मी सांगितलं की आठवड्याला एकच गणित करायचं, पेनाने, खोडरबर बंद, उत्तर बघायचं नाही, आणि जे जे करून फसलं ते तसंच ठेवून मला दाखवायचं.

गणित जुनंच आहे, बऱ्याच जणांना माहीत असेल. बुद्धिबळाचा पट घ्या, तिरक्या रेषेत समोरासमोर येणारे दोन कोपरे कापून टाका, ६२ घरं उरतात. दोन घरं झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी तो पूर्ण झाकता येईल का?

पुढच्या वेळी तिने चौकटीच्या कागदावर काढलेली अकरा चित्रं आणली, सगळी फसलेली. ती सांगत होती आणि मी नुसतं ऐकत होते. "प्रत्येक वेळी ३० पट्ट्या बसतात आणि शेवटी दोन घरं उरतात, ती शेजारी येतच नाहीत. आठवं चित्र काढलं तेव्हा वाटलं ही दोन घरं सारखीच काहीतरी आहेत, म्हणून घरातला खरा पट काढला, तर दरवेळी दोन्ही काळी!" पट्टी नेहमी एक काळं एक पांढरं झाकणार, आणि कापलेले दोन्ही कोपरे पांढरे, म्हणजे उरले ३२ काळे आणि ३० पांढरे, होणारच नाही! हे सांगताना ती खुर्चीतून उठली होती. मी तिला एवढंच विचारलं, की ती सात चित्रं पुसली असतीस तर हे दिसलं असतं का?

आईशी वेगळं बोलले. त्या जरा अडखळतच म्हणाल्या, "खरं सांगू मॅडम, ही गणितं मला पण येत नाहीत, पण तिच्यासमोर कसं म्हणू, मी तर शिकवते." मी म्हटलं तेच म्हणा, आणि तिच्या शेजारी बसून अडा. त्या मुलीने आपल्या आईला गणितात अडलेलं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मते घरात सगळ्यात जास्त फरक याने पडला, माझ्या बोलण्याने नाही.

बंद करायचं का, तर आम्ही दोनपैकी एक क्लास बंद केला, परीक्षा नाही. नववीत आहे, अजून किमान दोनदा देता येईल. पण एक गोष्ट कळकळीने सांगते, झोप, जेवण आठवडे-आठवडे बिघडलेलं असेल किंवा मूल जगण्याबद्दलच नको-नकोसं बोलत असेल तर मग हा गणिताचा प्रश्न राहत नाही, तेव्हा लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, परीक्षा वगैरे सगळं नंतर.

परवा आईंचा मेसेज आला. या आठवड्याचं गणित पाचव्या दिवशीही दोघींना सुटलेलं नाही, आणि आदल्या दिवशी जेवायला हाक मारली तर आतून आवाज आला, "थांब गं आई, अजून एक चित्र काढते, आणि माझी भाकरी झाकून ठेव, दोन ठेव."