तानपुऱ्याचा गंधार आणि पडद्यावरची रेषा

प्रश्न : मोबाइलच्या पडद्यावर सुराची रेषा पाहत मी रियाज करते. तानपुऱ्याशी जुळलेला शुद्ध गंधार मात्र तिथे उतरलेला दिसतो. माझे चुकते का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : चुकत नाही. बहुतेक ॲप हार्मोनियमप्रमाणे सप्तकाचे १०० सेंटचे (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे सूक्ष्म एकक) १२ समान भाग धरतात, त्यामुळे त्यांचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या षड्जाच्या तारेतून, आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मात्र षड्जाशी ५:४ कंपनसंख्येच्या प्रमाणाचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर असतो आणि तोच कानाला निवांत वाटतो. तिथे कानाचेच ऐका. दीर्घ षड्जातला कंप पाहायला रेषा फार उपयोगी आहे, पण आधी डोळे मिटून स्वर लावा आणि तो ठरल्यावरच पडद्याकडे पाहा. मिंडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकताना, रेषा वाकणारच.