वडील हयात असतानाच त्यांच्या अंत्यविधीविषयी त्यांच्याशी बोलावे का?

आपण लिहिले आहे की वडील कोल्हापुरात एकटे राहतात, वय ७८, आपण आणि बहीण दोघेही नोकरीनिमित्त बाहेर, आणि विषय काढला की आत्या व चुलते ‘अभद्र बोलू नका’ म्हणून तो तिथेच थांबवतात. तेव्हा बोलावे की नाही, कागदोपत्री काय करून ठेवावे आणि स्मारक म्हणून काही करायचे असल्यास तेही आताच विचारावे का, असा आपला प्रश्न आहे.

बोलावे. याविषयी दोन मते असण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र वडिलांनी आपल्याला एकांतात काय सांगितले याचा पुढे फारसा उपयोग होत नाही, हेही आताच समजून घ्यावे. सुतकातल्या घरात मुलाने खिशातून काढलेल्या चिठ्ठीला काडीची किंमत नसते. ‘बाबा असे म्हणाले होते’ हे वाक्य ऐकून घ्यायला कोणी तयार नसते, आणि खर्च वाचवण्यासाठी मुलगा बापाच्या तोंडी काहीही घालतो आहे, असा अर्थ काढायला चार माणसे तयारच असतात. जे सांगायचे ते वडिलांनी स्वतः, आणि ज्यांची हरकत येणार आहे नेमक्या त्यांच्यासमोर, सांगितले पाहिजे. आमच्या घरात हे आईने करून दाखवले, म्हणून हे उत्तर लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

माझे वडील १९९८ साली गेले. त्यानंतर पंचगंगेच्या काठावर आईच्या बांगड्या फोडल्या गेल्या. फोडणाऱ्या बायका नात्यातल्याच होत्या, त्यांतल्या बहुतेक स्वतः विधवा होत्या, आणि आईला काय हवे आहे हे विचारावे असे त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. काच रुतल्याचा व्रण तिच्या डाव्या मनगटावर शेवटपर्यंत होता. त्याविषयी ती कधी बोलली नाही. पुढे मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडने, शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाने, पती वारल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “गावाचा ठराव होईपर्यंत माझं आयुष्य गेलं. आता माझं पुढचं मी ठरवते. भाऊजींना बोलावून घे.”

भाऊजी म्हणजे माझे धाकटे काका. गुळाच्या अडत दुकानात त्यांनी हयातभर दिवाणजी म्हणून काम केले, त्यामुळे अक्षर मोत्यासारखे, आणि घराण्यातल्या रीतिभातींचा शेवटचा शब्दही त्यांचाच. आईने वही मागवली आहे म्हटल्यावर शेतीच्या वाटणीचा कागद असणार, अशा समजुतीने ते चष्मा पुसून तयारीने बसले. आईने पहिले वाक्य सांगितले आणि त्यांनी पेन खाली ठेवले. “वहिनी, दिवेलागणीला असलं अभद्र काय बोलता?” आई म्हणाली, “मग सकाळी या. पण लिहिणार तुम्हीच.” आणि काका सकाळी आले. मोठ्या वहिनीचा शब्द मोडायचा नाही ही रीतही त्यांनीच सांभाळलेली होती, आणि आईला ते पुरते ठाऊक होते.

तिने जे लिहवून घेतले त्यात गूढ किंवा तात्त्विक असे काहीच नव्हते. दिवस मावळायच्या आत मला न्या, दुबईच्या पोरासाठी मला बर्फात ठेवू नका. डोळे दान करा. पंचगंगेवरच न्या आणि शेणींतच, म्हणजे गोवऱ्यांतच, दहन करा, चंदनाचा तुकडासुद्धा नको. रक्षा नदीत न सोडता आपल्या शेतात, जांभळाच्या बुंध्याशी घाला. उत्तरकार्याला टॉवेल-टोपीचा आहेर कोणाकडून घेऊ नका आणि कोणाला देऊ नका. जेवण घरच्यापुरते ठेवा आणि वाचतील त्या पैशांच्या शेणी घेऊन स्मशानभूमीला द्या. त्यापुढचे कलम मला तोंडपाठ आहे: “कावळा शिवला नाही तर म्हातारीची कुठली इच्छा राहिली म्हणून तर्क करत उन्हात उभे राहू नका. माझ्या सगळ्या इच्छा या वहीत आहेत. दर्भाचा कावळा करा आणि घरी जा.” हे वाक्य लिहिताना काकांना हसू आवरले नाही, असे मावशी अजूनही सांगते.

सही झाली, साक्षीदार म्हणून काका आणि मावशी यांच्याही सह्या झाल्या, आणि तेवढ्यावर न थांबता आईने पुढच्या रविवारी भाऊबंद, सुना, जावई अशा सर्वांना जेवायला बोलावून ती वही काकांकडूनच मोठ्याने वाचून घेतली. दुबईचा माझा भाऊ फोनवरून ऐकत होता. त्याने तेव्हा आदळआपट केली, रडला, पण जे काही व्हायचे ते आई समोर असताना झाले. पुढे आई एका पहाटे घरीच गेली, आम्ही ठरल्याप्रमाणे त्याच्यासाठी थांबलो नाही, आणि त्याने सगळे व्हिडिओ कॉलवर पाहिले. त्यावरून आजतागायत आम्हा भावांत एक वाकडा शब्द झालेला नाही. आपण दोघे भावंडे बाहेर राहता, म्हणून हा मुद्दा मुद्दाम लिहितो आहे. ‘कोणासाठी थांबायचे’ या एका प्रश्नावरून सख्खी भावंडे आयुष्यभर अबोला धरतात, आणि त्याचे उत्तर जाणाऱ्या माणसाशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही.

आता ज्यावरून मला अजूनही बोल लावले जातात त्याविषयी. आमच्या भावकीत आजही म्हटले जाते की मी आईचे तेरावे नीट घातले नाही, पैसा वाचवला, पै-पाहुण्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले. पैसा वाचवला हे खरे आहे आणि तो शेणींच्या रूपाने स्मशानभूमीत पोहोचला हेही तितकेच खरे आहे. कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि त्यासाठी शेणी देण्याची चांगली चाल या शहरात आहे. होळीची लाकडे-शेणी कमी करून त्या स्मशानभूमीला देणारी मंडळेही इथे आहेत. ज्यांच्या घरी माणूस गेल्यावर पहिला विचार खर्चाचा करावा लागतो, त्यांना या व्यवस्थेचा किती आधार आहे हे टॉवेल-टोपीचा हिशेब ठेवणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन पाहावे. काका मात्र या सगळ्यात एक शब्दही बोलले नाहीत. त्यांना ते पटले होते असे मी म्हणणार नाही, पण स्वतःच्या अक्षराशी त्यांना भांडता येईना.

भांडण झाले ते वहीत नसलेल्या गोष्टीवरून. आईला नेऊन आम्ही परतलो, तर चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक उभा. आईचा फोटो कोणाच्या तरी लग्नातल्या समूहचित्रातून कापून घेतलेला, आणि खाली माझ्या चुलतभावाचा, हात जोडलेला, आईच्या फोटोहून मोठा. त्याला प्रभागातून उभे राहायचे होते. कोपऱ्यात त्याच्या नेत्याचे छायाचित्रही होते, ज्यांनी आईला कधी पाहिलेले नव्हते. मी तो उतरवायला सांगितला तेव्हा त्याने शांतपणे विचारले, “वहीत कुठं लिहिलंय फलक लावू नका म्हणून?” आणि हे तो काकांसमोर, म्हणजे स्वतःच्या वडिलांसमोर, बोलला. काका खाली मान घालून आत गेले. फलक उत्तरकार्यापर्यंत तसाच राहिला.

त्यामुळे वडिलांशी बोलताना दहन, रक्षा, भोजन एवढेच विषय घेऊ नका. कोणता फोटो लावायचा, फलक लावायचा की नाही, वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत कोणाची नावे घ्यायची, रक्षाविसर्जनाची वेळ कोण कळवणार, शोकसभा हवी की नको आणि हवी असल्यास भाषणे कोणी करू नयेत, हेही विचारा. माणसे धर्मापेक्षा मानापमानावरून अधिक भांडतात, असा माझा अनुभव आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. अंत्यविधीच्या इच्छा मृत्युपत्रात लिहू नका. ते बहुधा दिवसकार्य उरकल्यावर उघडले जाते आणि त्यातल्या अशा सूचना वारसांवर बंधनकारक धरल्या जात नाहीत. महात्मा फुले यांनी आपला देह मिठात पुरावा असे मृत्युपत्रात लिहून ठेवले होते, तरी १८९० साली तशी परवानगी मिळाली नाही आणि दहनच करावे लागले. दत्तक पुत्राने टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढचे मडके, धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले. ऐनवेळी पुढे होणारे माणूस कोण, हे म्हणूनच आधी ठरलेले असावे. मालमत्तेचे मृत्युपत्र वेगळे करावे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ते साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होते आणि त्याची नोंदणी सक्तीची नाही. शेवटच्या आजारात कृत्रिम श्वासावर ठेवावे की नाही याविषयीचे वैद्यकीय इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. नेत्रदानाला साधारण सहा तासांची मुदत असते, तोवर पंखा बंद ठेवावा आणि मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा. देहदान करायचे असल्यास आधी अर्ज भरलेला असला तरी शेवटी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, म्हणजे पुन्हा भाऊबंदच. घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरांचा दाखला लागतो, तेव्हा वडिलांना नेहमी तपासणारे डॉक्टर कोण आहेत आणि ते रात्री-अपरात्री येतील का, हे आताच विचारून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते.

स्मारकाविषयी माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. आपली समाधी नर्सरी बागेत असावी अशी इच्छा राजर्षी शाहू महाराजांनी व्यक्त केलेली होती. महाराज १९२२ साली गेले आणि ते समाधिस्थळ प्रत्यक्षात आले २०२० साली. ज्यांच्या नावाने हे शहर ओळखले जाते त्यांच्या बाबतीत एवढा काळ लागला, तर आपण-तुम्ही बाक, कमान, ट्रस्ट यांच्या भानगडीत का पडावे? झाड लावावे, शाळेला पुस्तके द्यावीत, किंवा काही करू नये. वडिलांना विचारा मात्र जरूर, कारण काही माणसांना आपले नाव कोठेतरी दगडात असावे असे मनापासून वाटते आणि ते बोलायला ती लाजतात.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. आपण लिंगायत असाल तर दफनाची जागा आणि स्वामींना बोलावण्याची व्यवस्था हे मुद्दे येतील, ते मला माझ्या घरच्या अनुभवातून सांगता येणार नाहीत. पावसाळ्यात पंचगंगा धोक्याच्या पातळीवर गेली की पंचगंगा स्मशानभूमीच पाण्यात जाते, २०१९ आणि २०२१ साली आपण ते पाहिले आहे. तेव्हा ‘पंचगंगेवरच’ असे वडील म्हणाले तरी कसबा बावडा किंवा कदमवाडी हा पर्याय त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. वडिलांना नुकतेच मोठे आजारपण निघाले असेल, किंवा त्यांच्या बरोबरीचे कोणी गेले असेल, तर काही महिने थांबा. आणि त्यांनी बोलायला साफ नकार दिला तर तोही त्यांचा अधिकार आहे. अशा वेळी आपण आणि बहिणीने आपसांत ठरवून ते चुलत्यांना आताच कळवावे, मग ते कितीही रागावोत.

माझा चुलतभाऊ हे उत्तर वाचेल याची मला खात्री आहे. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नव्हते, ते इथे देतो. फलक लावू नका असे वहीत लिहिलेले नव्हते, कारण आपल्या मरणाचा उपयोग आपल्याच पुतण्याला मतांसाठी करता येईल हे आईच्या कल्पनेपलीकडचे होते. माझ्या वहीत ते कलम पहिले आहे, आणि ती वही मी त्याच्याकडूनच लिहून घेणार आहे.