लष्करी चाकं आपल्या ट्रॉलीला लागतील का? थोडं सविस्तर

केजवाले दादा, तुम्ही विचारलंय की पळता पळता तिकोनी पट्टा होणारं लष्करी चाक आणि बिनहवेचा टायर आपल्याकडे कधी येणार, आणि तोवर उसाच्या ट्रॉलीचे टायर घ्यायचं थांबावं का. थांबू नका. हंगामाआधी टायर घेऊन टाका. कोणते, ते खाली येईलच.

तिकोनी चाकाचं आधी उरकतो. ते अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रकल्पातलं. चिलखत जाड करत बसण्यापेक्षा गाडी चपळ करा, हा त्यामागचा विचार. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लोकांनी चाक असं बनवलं की साधारण २ सेकंदांत, तेही चालत्या गाडीत, गोल चाकाचा रणगाड्यासारखा तिकोनी पट्टा होतो. त्याच प्रकल्पात एका कंपनीने असं सस्पेन्शन केलं की चाक ४२ इंच वर आणि ३० इंच खाली जातं, म्हणजे उतारावरही गाडीचं धड सपाट. २०१८ साली या सगळ्याची प्रात्यक्षिकं झाली. बघायला झकास आहे. पण इतके सांधे आणि सील आपल्या चिखलात घालून वर्षानुवर्षं सांभाळायचे कुणी? पुढे चला.

बिनहवेच्या टायरचं मात्र नीट समजून घ्या. आपल्या नेहमीच्या टायरमध्ये वजन मुख्यतः हवा पेलते, आणि हवा कितीही दबली-सुटली तरी तिच्यात फारशी शक्ती वाया जात नाही. तापतं ते रबर. मिशेलिनने २००५ मध्ये 'ट्वील' दाखवला, त्यात हवेच्या जागी पॉलियुरेथेनच्या लवचिक आऱ्या आहेत. वजन वरच्या आऱ्यांना टांगलेलं राहतं आणि जमिनीकडची आरी दुमडते. म्हणजे प्रत्येक आरी चाकाच्या दर फेऱ्याला एकदा दुमडणार आणि सरळ होणार. कारच्या चाकाचा घेर २ मीटर धरा: ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला ११ फेरे. प्लॅस्टिक सेकंदाला ११ वेळा वाकवलं तर ते तापणार, आणि त्यातून उष्णता लवकर बाहेरही पडत नाही. सुरुवातीचे ट्वील ८० च्या पुढे थरथरायचे, आवाज करायचे. म्हणूनच ते स्थिरावले कुठे, तर लोडर आणि गवत कापायच्या मशीनवर, जिथे वेगाचा प्रश्न नाही. कारसाठीचा 'अप्टिस' २०१९ मध्ये दाखवला गेला, पण तुमच्या-माझ्या टायरवाल्याकडे तो अजून आलेला नाही.

लष्कराची गरजही आपल्यासारखी नसते. हमवी गाडीसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखा टायर अमेरिकेत बनवला गेला, तो गोळ्या लागल्यावरही पळावा म्हणून. गोळीबाराच्या टप्प्यातून एकदा बाहेर पडलं की झालं, मग टायर गेला तरी चालतो. याच कारणाने बऱ्याच लष्करी गाड्यांत साध्या हवेच्या टायरच्या आत, रिमवर एक टणक कडं बसवतात. हवा गेली की गाडी त्या कड्यावर हळूहळू निघून जाते. तुम्हाला मात्र त्याच टायरवर अख्खा गळीत हंगाम काढायचाय. आणि काळ्या रानाचं काय? आऱ्यांच्या पोकळीत आपली चिकट माती एकदा शिरली आणि वाळली की वीटच. मग ना आरी लवणार, ना चाक समतोल फिरणार.

लष्कराकडून घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे आणि ती जुनी आहे: गाडीत बसूनच हवा कमी-जास्त करणं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या 'डक' ट्रकला ही सोय होती. वाळूत आलं की हवा उतरवायची, पक्क्या रस्त्यावर भरायची. टाट्राच्या लष्करी ट्रकांतही ती मिळते.

याचा हिशेब सोपा आहे. टायर जमिनीवर जेवढा दाब देतो, तो ढोबळमानाने आतल्या हवेएवढाच. ३० पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलो, १२ पौंडाला एक किलोच्याही आत. ओल्या काळ्या रानात ट्रॉली रुतते आणि खालची माती घट्ट बसून पुढचा फड कमी फुटतो, ते जास्त हवेच्या दाबामुळे. पण त्याच कमी हवेवर भरली ट्रॉली डांबरीवरून कारखान्यापर्यंत नेली, तर टायरची बाजू तापून फाटणार. ही अडचण खरी आहे.

मधला मार्ग आहे. व्हीएफ प्रकारचे, म्हणजे जास्त लवणाऱ्या बाजूंचे रेडियल टायर तेवढंच वजन ४० टक्के कमी हवेवर पेलतात. आयएफ हा त्याचा धाकटा भाऊ, त्यात फरक २० टक्के. शेतीचे टायर बनवणाऱ्या बीकेटीचा कारखाना तर आपल्या वाळूजलाच आहे. महाग पडतात, आणि काही मापांना रुंद रिम लागते, ती आधी विचारा. म्हणून पहिला पैसा हेडच्या (म्हणजे ट्रॅक्टरच्या) मागच्या टायरांवर घाला, ट्रॉलीला रुंद टायर पुरेत. दुकानदाराकडून वजन-हवेचा तक्ता मागून घ्या. अंदाजाने हवा भरणारे आपल्याकडे फार! बाभळीच्या काट्यांना ट्यूबमध्ये सीलंट घातलं तरी बरंच निभतं.

सस्पेन्शनचं थोडक्यात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर पट्ट्यांच्या आत चाकं कशी टांगलेली असतात ते वाकून बघा. टी-७२ रणगाड्याला पीळ खाणाऱ्या पोलादी दांड्या असतात. अर्जुनला तेल आणि वायूचं सस्पेन्शन आहे. त्यातला वायू जितका दाबाल तितका कडक होतो, म्हणून छोट्या खड्ड्याला मऊ आणि मोठ्याला ताठ. सिट्रोएनने १९५५ च्या डीएस कारमध्ये याच तत्त्वावर गाडी चालवून दाखवली होती. तुमच्या ट्रॉलीचे पाटे भरल्या वजनाच्या हिशेबाने असतात, म्हणून रिकामी ट्रॉली एवढी आदळते. पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांत हवेचे फुगे असतात, ते वजनाप्रमाणे हवा घेतात-सोडतात. ट्रॉलीला तेवढा खर्च परवडत नाही. पाट्यांचे बोल्ट आणि बुश दर महिन्याला बघा, आणि रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतताना हेड जरा सावकाश हाका.