ब्रूम: आधी झुडूप की आधी झाडू?

प्रश्न असा आला आहे: एका इंग्रजी कादंबरीच्या अनुवादात 'ब्रूमने पिवळी झालेली टेकडी' आहे, तिथे 'केरसुणीचं झुडूप' लिहावं का? आणि कोशांत ब्रूमचं शास्त्रीय नाव म्हणून कुठे जेनिस्टा, कुठे सिटिसस दिसतं, ते एकच का?

'केरसुणीचं झुडूप' नकोच. केरसुणी म्हटल्यावर आपल्याला शिंदीची पानं आठवतात, नाहीतर लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू. पिवळी टेकडी कुणालाच दिसणार नाही. शिवाय नावाचा प्रवासही उलटा आहे. केरसुणीत केर आहे, झाडूत झाडणं आहे. आपण नाव कामावरून ठेवलं. इंग्रजीत ब्रूम हे आधी झुडपाचं नाव. त्याच्या लवचीक काटक्यांची जुडी बांधून घर झाडत, म्हणून त्या जुडीलाही ब्रूम म्हणू लागले आणि झाडूचा जुना शब्द 'बीझम' मागे पडला. वनस्पतिशास्त्राने मात्र परत झाडूवरून झुडपाचं नाव पाडलं! ब्रूमचं शास्त्रीय नाव सिटिसस स्कोपेरियस. त्यातलं 'स्कोपेरियस' आलं ते लॅटिन 'स्कोपा'वरून, म्हणजे झाडूवरूनच.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये हेच झुडूप स्पार्टियम वंशात घातलं होतं, नंतर ते सिटिससमध्ये गेलं. जेनिस्टा हा त्याचा चुलत वंश. ब्रूमचं लॅटिनमधलं जुनं नाव तेच, आणि इंग्लंडच्या प्लँटॅजनेट राजघराण्याच्या नावातही तेच आहे. त्या घराण्याचा मूळपुरुष, फ्रान्समधल्या आंजूचा जेफ्री, टोपीत ब्रूमची डहाळी खोचायचा असं सांगतात. म्हणजे दोन्ही नावं खरी, पण झुडपं वेगळी. लेखक स्कॉटलंड-इंग्लंडच्या माळाबद्दल बोलत असेल तर बहुधा सिटिससच. काटे असतील तर ते गॉर्स, ब्रूम नव्हे.

भूमध्य समुद्राकडचा 'स्पॅनिश ब्रूम' म्हणजे स्पार्टियम जुन्सियम. आपला ताग क्रोटालारिया जुन्सिया. दोघांची फुलं पिवळी, वाटाण्याच्या घाटाची. दोघांच्या सालीचा दोर वळतात. आणि दोघांच्या नावात लव्हाळ्याचा लॅटिन शब्द. म्हणून अनुवादात मी 'ब्रूम' तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'तागासारख्या पिवळ्या फुलांचं झुडूप' एवढं वाक्यातच गुंफीन. तळटीप नको, वाचक अडखळतो.

प्रत्यक्ष बघायचं तर निलगिरीत जा. इंग्रजांनी आणलेला स्कॉच ब्रूम, म्हणजे तोच सिटिसस स्कोपेरियस, उटीच्या आसपास इतका माजलाय की तिथल्या गवताळ माळांना तो नकोसा झाला आहे.