नदीकाठी घर बांधायचंय, पण उतारवयात झेपेल का?

निवृत्तीनंतर पाण्याकाठी राहायचं म्हणून सल्ल्याला येणाऱ्या जोडप्यांत बहुधा एक जण भरभरून बोलत असतो आणि दुसरं गप्प असतं. हे जोडपंही तसंच. ते ६३ वर्षांचे, त्या ६०. नदीकाठची जागा पसंत पडलेली, इसार द्यायचा बाकी, नकाशा मात्र तयार. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "नदी मलाही आवडते हो. पण उद्या गुडघे गेले, किंवा हे नसले, तर मी तिथे एकटी काय करू?" त्यावर नवऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं: "अगं, तू उगाच काळजी करतेस."

काळजी उगाच नव्हती. अशा वेळी नुसता धीर देऊन भागत नाही. या भीतीचा निम्मा भाग टेपने मोजता येतो, तो आधी मोजायचा.

जागेवर शेजारच्या जुन्या भिंतीवर पुराची खूण होती, जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर. मागच्या पुराची खूण म्हणजे पुढच्याची हद्द नव्हे, म्हणून वर निदान ६० सेंटिमीटर मोकळे ठेवायचे. म्हणजे जोतं झालं दीड मीटर. पंधरा सेंटिमीटरची एक, अशा दहा पायऱ्या. व्हीलचेअरसाठी उतार १:१२ पेक्षा, म्हणजे एक मीटर चढाला बारा मीटर लांबी यापेक्षा, तीव्र चालत नाही. म्हणजे १८ मीटरचा रॅम्प, मध्ये आणि दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचे सपाट टप्पे, एकूण साडेबावीस मीटर. नकाशात रॅम्प दाखवला होता सहा मीटरचा. त्याचा उतार येतो १:४. त्यावरून धडधाकट माणसालाही खुर्ची ढकलत नेणं अवघड, आणि उतरताना ती आवरता येत नाही. पाण्यासाठी घर उंच हवं आणि म्हातारपणासाठी सखल. काठावरच्या घराचं बहुतेक दुखणं इथेच असतं, आणि नकाशा काढणारे ते 'पुढे बघू' म्हणून सोडून देतात.

भराव घालून जागाच उंच करू, हा नवऱ्याचा पहिला तोडगा. पण नवा भराव बसत राहतो, जोत्याला तडे जातात, शिवाय पुराचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात ढकललं जातं. त्यापेक्षा सोपी गोष्ट त्याच प्लॉटमध्ये होती. रस्त्याकडची बाजू काठापेक्षा मीटरभर उंच होती. घर तिथे सरकवलं तर जोतं ५० सेंटिमीटरवर येतं आणि १:२० च्या सौम्य उताराची दहा मीटरची पायवाट पुरते. तिला रॅम्प म्हणायचीही गरज नाही. दुसरा फायदा असा, की घर काठापासून लांब जातं. जागा नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला होती आणि तिथे प्रवाह काठ कापत असतो. उभी, ताजी दिसणारी दरड आणि उघडी पडलेली मुळं दिसली, की मागे हटलेलं बरं.

"मग काठावरचं घर कसलं?" ते नाराज झाले. म्हणून नव्या जागी एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि तिच्यापुढे दोन काठ्यांना जमिनीपासून एक मीटरवर आडवी दोरी बांधली. दोरी म्हणजे नकाशातल्या व्हरांड्याचा भरीव कठडा. बसलेल्या माणसाचे डोळे साधारण ११५ सेंटिमीटरवर असतात. ते बसले तर समोरचा काठ आणि झाडं दिसली, पाणी दोरीखाली लपलं. दोरी ६० सेंटिमीटरवर आणली आणि नदी दिसली. म्हणजे अडचण अंतराची नव्हती, कठड्याची होती. उभ्या बारीक गजांचा कठडा आणि जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर सुरू होणारी, न उघडणाऱ्या काचेची खिडकी, असं ठरलं. काच टफन्ड लॅमिनेटेड, म्हणजे सहज न फुटणारी आणि फुटली तरी तुकडे न विखुरणारी हवी, आणि वर पुरेसा छज्जा, नाहीतर उन्हाची तिरीप डोळ्यांना सोसत नाही.

आतल्या गोष्टी त्यामानाने सरळ. दारं ९० सेंटिमीटर मोकळी. न्हाणीघरात व्हीलचेअर वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा आणि दार बाहेर उघडणारं, कारण आत पडलेला माणूसच आतल्या दाराला अडसर होतो. उंबरठ्याऐवजी पाणी जाण्याच्या जाळीकडे मीटरला सव्वा सेंटिमीटर ढाळ. आधाराचे दांडे भिंतीत पक्के धरलेले, नुसत्या भिंतीच्या टाइलवर बसवलेले ऐन वेळी हातात येतात. पूर आला की सांडपाणी सर्वांत खालच्या जाळीतून घरात उलटतं, म्हणून ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. विजेचा बोर्ड, इन्व्हर्टर आणि पंप पुराच्या खुणेच्या बऱ्याच वर.

उरला निम्मा भाग टेपने मोजता येत नव्हता. दोघांना वेगवेगळ्या कागदावर एकच लिहायला सांगितलं: जोडीदार महिनाभर नाही, तर साधा मंगळवार कसा जाईल? नवऱ्याच्या कागदावर मासेमारी आणि वाचन होतं. त्यांच्या पत्नीने लिहिलं, "गाडी मला येत नाही. पंप कुठून चालू होतो माहीत नाही. पावसात रस्ता बंद झाला तर डॉक्टरकडे कसं जायचं?" कागद वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तू कधी सांगितलं नाहीस." त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलं नाहीत."

इसार त्यांनी लांबवला. ऐन पावसाचे दोन महिने त्याच काठावर भाड्याने राहायचं, एकदा मध्यरात्री दवाखान्यापर्यंत गाडीने जाऊन वेळ मोजायची, आणि शहरातलं घर तोवर विकायचं नाही, असं ठरलं. गाडी शिकायचा विषय त्यांच्या पत्नीने स्वतःच काढला.